मधाचे पानगे

पुस्तक वाचून माणसानं हिशेब शिकावा, कायदा शिकावा, फार तर आरत्या पाठ कराव्यात. स्वयंपाक शिकू नये, असं माझं स्पष्ट मत होतं. त्यातही ज्या पुस्तकात डोंगर बोलतात आणि नदी रुसली की उलटी वाहते, त्या पुस्तकावरून तर नाहीच नाही. पण आमच्या धाकट्या सुनेनं माझं मत विचारलं नाही. विचारणारही नव्हती, कारण ती माझ्याशी बोलतच नसे.

भांडण वगैरे काही नव्हतं. मी तिचा भासरा, म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. आमच्याकडे सून भासऱ्यासमोर डोक्यावर पदर घेते आणि त्याच्याशी थेट बोलत नाही. काही सांगायचं झालं तर मधे तिसरं माणूस लागतं. ते काम माझी बायको कुंता करायची. रुखमिणी चुलीजवळून म्हणायची, "बाई, भाऊजीले विचारा, दुकानात गूळ आहे का." मी दोन हातांच्या अंतरावर बसून सगळं ऐकलेलं असायचं. तरी कुंता तेच मला पुन्हा विचारणार आणि मी तिलाच उत्तर देणार. लग्नाला चार वर्षं झाली होती, पण रुखमिणीचा आणि माझा एक शब्दाचा व्यवहार नव्हता.

ही गोष्ट एकोणऐंशी सालची. लाखनीला हमरस्त्यावर माझं किराणा दुकान, मागे घर. धाकटा भाऊ घनश्याम भंडाऱ्याच्या भय्याजींचा ट्रक चालवायचा, नागपूर ते कलकत्ता. लहानपणी तो सुपडं हातात धरून स्टिअरिंगसारखं फिरवायचा, तेव्हापासून त्याला दुसरं काही सुचलंच नाही. त्या उन्हाळ्यात रायपूरच्या पुढे त्याला रक्ताची उलटी झाली. डॉक्टर म्हणाले, पोटात जखम आहे. उपाशी राहायचं नाही, ढाब्याचं तिखट खायचं नाही, पुन्हा असं झालं तर जीवावर बेतेल. भय्याजींनी त्याला महिनाभराची मुदत दिली. तब्येत जमली तर गाडी त्याची, नाहीतर दुसरा ड्रायव्हर तयार होता.

महिनाभर मी त्याला दुकानात बसवलं. तो साखर तोलायचा आणि बघायचा रस्त्याकडे. नुसत्या हॉर्नवरून गाडी कोणाची ते सांगायचा. गिऱ्हाइकानं मीठ मागितलं तर सोडा द्यायचा. मला त्याचा राग यायचा, आणि रात्री जेवताना त्याच्याकडे बघवायचंही नाही. माझी माय रंभाबाई मात्र खूश होती. पोरगा घरी राहिला, तिला आणखी काय पाहिजे.

ते पुस्तक रुखमिणीच्या पेटीतून निघालं. ती कोंढ्याची, दहावी झालेली. पवनीच्या वाचनालयानं रद्दीत काढलेली जाडजूड कादंबरी तिच्या भावानं तिला आणून दिली होती. वरचं कव्हर गेलेलं, त्यामुळे नाव कोणालाच ठाऊक नाही. दुपारी घनश्यामचं मन रमवायला ती ही कादंबरी वाचून दाखवायची. मधे फक्त एक कुडाची भिंत, त्यामुळे मीही ऐकायचो. ऐकत नाही असं दाखवून ऐकायचो, हे इथं सांगून टाकतो.

एके दिवशी त्या कथेतले वाटसरू मोठ्या जंगलात पोचले. तिथली उंच, हिरव्या डोळ्यांची माणसं निरोप देताना त्यांना मधाच्या पोळ्या देतात, पानात गुंडाळलेल्या. एक तुकडा मोडून खाल्ला की माणूस सूर्य बुडेपर्यंत चालतो, आणि ऋतू बदलला तरी पोळी ताजीच राहते. इथं रुखमिणी थांबली.

"वाच ना पुढं," घनश्याम म्हणाला.

"थांबा जी. यात तिखट नाही."

"कायच्यात?"

"या पोळीत. आन गाडीत ठेवली तर खराब बी होत नाही. तुमच्या पोटाले चालन."

घनश्याम हसला. मीही भिंतीअलीकडे हसलो. पण दुसऱ्या दिवशी कुंता दुकानात येऊन म्हणाली, "रुखमिणी विचारते, मध किती दिवस टिकते?" मध वर्षानुवर्षं टिकतं, हे मला दुकानदार म्हणून माहीत होतं. मी सांगितलं, आणि सांगितल्याबरोबर माझ्याही डोक्यात भुंगा शिरला. खरंच, अशी पोळी होईल का?

पुस्तकात कृती नव्हती. पीठ, मध आणि पान, एवढंच. कोंढ्याहून तिच्या भावानं जंगलातलं मध पाठवलं. रुखमिणीनं पिठात मध आणि थोडं तूप घातलं, मळलं, तव्यावर टाकलं. उलथनं लावताच पोळीचा भुगा झाला. पुन्हा केली, पुन्हा भुगा. तिसऱ्या दिवशी भुग्याचे लाडू वळून आम्हा सगळ्यांना वाटले गेले. लाडू चांगले होते, मी चार खाल्ले. पण लाडू खाऊन कोणी कलकत्ता गाठत नाही.

चूक समोर पडली होती आणि कोणालाच दिसत नव्हती. एकदा मी ढाब्यावाल्या सरदारजीसाठी कणीक तोलत होतो, आणि तराजू तसाच धरून उभा राहिलो. आमच्या घरात पीठ म्हटलं की ते तांदळाचंच. बांध्यांत, म्हणजे शेतात, धान, कोठीत धान, पोटात भात. गव्हाचं सणासुदीला किंवा पाहुण्याला. कोणतं पीठ, असा प्रश्न आमच्यातल्या एकालाही पडला नव्हता. मी आत जाऊन कुंताला मोठ्यानं म्हणालो, "त्या पुस्तकातल्या मुलखात धान होते का, विचार."

रुखमिणीनं लगेच पुस्तक उघडलं. पानं चाळत ती कुंताला सांगू लागली, म्हणजे मला. "बाई, कापनी चालू आहे तं मानसं बूट घालून वावरात उभी आहेत. कोनाचेच पाय चिखलात नाही. पानी साठवाले बोडी नाही, पाट नाही. वर बर्फ पडून राहिला." मग पुस्तक मिटून म्हणाली, "तिथी धान होतच नसन."

झालं, कणीक घेतली. आता भाजायचं कसं? तव्यावर मध लगेच करपायचं. पुस्तकात भट्टी होती, आमच्याकडे कुठून येणार? पण पान तर होतं. सणासुदीला पानगे आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या करतात: कणकेचा जाड गोळा थापून पळसाच्या दोन पानांत ठेवायचा आणि गोवऱ्यांच्या आरात, म्हणजे निखाऱ्यांत, पुरायचा. पहिला पानगा बाहेरून कोळसा, आतून कच्चा निघाला. मग रुखमिणीनं आर विझत येऊ दिला, त्यावर राखेचा जाड थर दिला, त्यात पानगे ठेवले आणि वरून पुन्हा राख. आम्ही सगळे परसात वाट बघत बसलो, घनश्यामसुद्धा. बऱ्याच वेळानं एक काढला. तांबूस, कडक, पाठीवर पळसाच्या शिरा उमटलेल्या. मोडला तसा असा वास सुटला की मी भासरा असल्याचं विसरून हात पुढे केला.

तेवढ्यात माय म्हणाली, "मध इस्तवावर?"

सगळे थांबले.

"मध तापवलं का त्याचं इख होते. माह्या मायनं सांगितलं, तिच्या मायनं तिले सांगितलं. आन हे कोनाले देऊन राहिली तू? ज्याच्या पोटात जखम आहे त्याले?"

तापवलेलं मध म्हणजे विष, हे मीही ऐकलेलं होतं. कोण नाही ऐकलेलं? गरम दुधातसुद्धा आम्ही मध घालत नाही. इतके दिवस पुस्तकाच्या नादात एकाच्याही लक्षात आलं नाही. मी हात मागे घेतला. तो घेतल्याची लाज वाटली, पण घेतला. घनश्यामनं हातातला तुकडा सुपात ठेवला. रुखमिणीनं सगळे पानगे नव्या पानांत गुंडाळून पत्र्याच्या डब्यात भरले आणि डबा फळीवर ठेवला. पुस्तकाचं वाचनही त्या दिवसापासून बंद झालं.

मला वाटलं, विषय संपला. पण डबा हलका होऊ लागला. मी फळीखालून जाता-येता उचलून बघायचो. मला चैन पडत नव्हती. मग मधेच तो पुन्हा जड व्हायचा आणि परसात राखेचा नवा ढीग दिसायचा. मायला संशय माझा आला. गोडाच्या बाबतीत माझी ख्याती होतीच. "म्हातारपनी इख खाऊन मरशीन," ती म्हणाली. मी शपथा घेतल्या, तिनं मानल्या नाहीत.

मुदत संपली त्या सकाळी भय्याजी स्वतः आले. गाडी रस्त्यावर भरलेली उभी. माणूस चांगला, पण त्यांना घाई होती. दुकानाच्या बाकावर बसून म्हणाले, "ताराचंदभाऊ, तुम्ही घरातले मोठे. तुम्ही म्हणाल ते. घनश्याम येऊन राहिला का मी दुसरा बसवू?"

घनश्याम गल्ल्याशेजारी उभा होता. माझ्याकडे बघत नव्हता. माय दारात येऊन बसली होती. रायपूरच्या दवाखान्यातून मी त्याला आणलं होतं, तेव्हाचा त्याचा पांढराफटक चेहरा माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. माझा भाऊ मला जिवंत हवा होता. मी तोंड उघडलं, "भय्याजी, तुम्ही दुसरा..."

"भाऊजी."

मी वळून बघितलं. कुंता नव्हती. दारात रुखमिणी होती, डोक्यावर पदर, हातात डबा. आवाज कापत होता, पण शब्द नीट होते.

"भाऊजी, नाही म्हनू नका. मी हेच खाऊन राहिली. त्या दिवसापासून. सकाळी हे, संध्याकाळी हे, भात नाही, भाजी नाही. ताजे बी खाल्ले, डब्यातले जुने बी खाल्ले. मले काही झालं नाही."

घरात सून सगळ्यांच्या मागून जेवते. तिच्या ताटात काय आहे, हे बघायला तिथं कोणी नसतं. कुंता तेवढी असायची. ती रुखमिणीच्या मागे उभी राहून डोळे पुसत होती, म्हणजे तिला माहीत होतं. मी रुखमिणीकडे बघितलं. गालफडं जरा बसली होती, बाकी बाई ठणठणीत.

"येडी आहेस का तू?" माय म्हणाली. "इख असतं तं?"

"तं मले झालं असतं माय, त्यायले नाही."

मायनं पदर तोंडाशी नेला. भय्याजींसमोर रडायचं नव्हतं म्हणून मी उगाच तराजूचं पारडं पुसलं. मग तिच्याकडे बघून बोललो, मधे कोणाला न घालता. "रुखमिणी, डबा भरून दे. दोन डबे दे."

घनश्याम गेला. ते दिवस कसे गेले ते विचारू नका. प्रत्येक हॉर्नला मी उठायचो आणि माय देवापाशी जाऊन बसायची. त्याच्या गाडीचा हॉर्न वाजला तेव्हा आमच्यात सगळ्यात आधी रस्त्यावर तीच पोचली.

तो आला, ओसरीवर बसला. "पुस्तकवाले लबाड आहेत," म्हणाला. "एका तुकड्यानं दिवस निघत नाही. दोन घंट्यात भूक लागते. पन पानगा सीटवरच राहे, म्हनून भूक लागली का खाऊन घेतलं. वरून दहीभात. पोट नाही दुखलं." एवढं सांगून त्यानं डबे पुढे केले. रुखमिणीनं एक हलवला. रिकामा. दुसरा हलवला तर आत खडखडलं, आणि तिचा चेहरा उतरला.

"उरले? काहून उरले? नाही खाल्ले?"

"दोन उरवले," घनश्याम म्हणाला. "तुनं इतके दिवस एकटीनं खाल्ले. हे आपन सोबत खाऊ. आता. अठीच."

आमच्या घरात नवरा-बायकोनं सगळ्यांदेखत एका ठिकाणी बसून खाल्लेलं मी कधी बघितलं नव्हतं. रुखमिणीनं मायकडे बघितलं. माय उठली, पाण्यानं भरलेला लोटा दोघांच्या मधे ठेवला आणि मला म्हणाली, "तू कायले उभा आहेस? दुकानात गिऱ्हाइक आलं."

दुकानात कोणीच नव्हतं. तरी मी जाऊन बसलो.