एका चुलीचं लायसन

ब्रह्मदेशात लढाई चालू होती तेव्हाची गोष्ट. तीर्थपुरीत रेडिओ एकच, धर्मराज अडत्याचा, बॅटरीवर चालणारा. संध्याकाळी बातम्यांना त्याची ओसरी भरायची. सगळ्यांत पुढे म्हातारे रखमाजी. त्यांचा मच्छिंद्र तिकडे पलटणीत होता आणि बरेच दिवस कार्ड नव्हतं. रेडिओवाले मच्छिंद्रचं नाव घेणार नाहीत हे त्यांनाही कळत होतं. पण पलटणी कुठवर गेल्या तेवढं ऐकल्याशिवाय ते उठत नसत.

रखमाजी सोवळ्याचे कडक. सोयऱ्याच्या लग्नातही शिधा मागून घेत आणि आपली चूल वेगळी मांडत. नवरदेव ताटकळला तरी चालेल.

एका संध्याकाळी रेडिओच्या लायसनचे इन्स्पेक्टर कमरोद्दीनसाहेब आले. त्यांनी कागद बघितला, मग ओसरी बघितली.

"लायसन घरगुती आहे. म्हंजे एका चुलीवर जेवणाऱ्यांचं. बाहेरचे लोक ऐकून राह्यले तर डब्बा सील होईल."

धर्मराज रेडिओपुढे आडवा उभा राहिला. त्याची बायको दुर्गाबाई दाराआडून म्हणाली, "समदे घरचेच हायेत, साहेब. इथंच जेवतेत."

"ही बाईपण?" साहेबांनी बांगड्या भरणाऱ्या चाँदबीकडे बोट केलं.

"मी तर बिलकुल इथलीच," चाँदबी म्हणाली. "तुमी आत्ता आले, म्हणून पाव्हणे."

साहेब खाली बसले. "मंग वाढा. बघतो."

पत्रावळी मांडल्या. रखमाजी रेडिओपुढची जागा सोडेनात, म्हणून चाँदबीची पत्रावळ त्यांच्याच शेजारी आली. दुर्गाबाई पिठलं-भाकरी वाढत त्यांच्यापाशी थांबली आणि हळूच म्हणाली, "दादा, मागच्या दारानं निघून जा. कोनी काही म्हणणार न्हाई."

"अन् उद्या?"

दुर्गाबाईनं साहेबांकडे बघितलं. आज न जेवता उठले तर उद्या ते बाहेरचे.

रखमाजींनी घास मोडला. काढा प्यावा तसे डोळे मिटून तोंडात घातला. सगळी ओसरी दुसरीकडेच बघत होती. बराच वेळ चावून त्यांनी तो गिळला.

"मीठ कमी हाय," ते म्हणाले.

साहेब उठले, कागद धर्मराजच्या हातात दिला. "पाव्हणा असता तर तारीफ केली असती. घरचेच आहेत."

ते गेल्यावर बातम्या लागल्या. पलटणी कुठल्याशा नदीपाशी अडून होत्या, एवढंच कळलं. नदीचं नाव कुणालाच बरोबर घेता येईना.

रखमाजींनी पत्रावळ पुढे सरकवली.

"आता बाटलोच हाय, तं अर्धी अजून वाढ."