पाठ केलेले प्रश्न

या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाचं एकच टुमणं: प्रश्न मुलांनाच पडले पाहिजेत, शिक्षकांनी ते त्यांच्या तोंडात घालायचे नाहीत. अहो, पण शाळेच्या मान्यतेसाठी होणाऱ्या तपासणीच्या दिवशी ऐन वेळी दुसरीतल्या पोरांना प्रश्न पडतील याची हमी कोण देणार? म्हणून मुख्याध्यापिकेनं डोकं चालवलं आणि प्रत्येकाला एकेक प्रश्न पाठ करायला लावला. वर्गाच्या बाईंना हे मुळीच पटलं नव्हतं. पण शाळेला मान्यता मिळाली तरच त्यांची नोकरी पक्की होणार होती, आणि घरी नवरा अंथरुणाला खिळलेला. तोंड दाबून त्यांनी आठवडाभर प्रश्न घोटून घेतले.

तपासनीस येऊन मागच्या बाकावर बसले. बाईंनी टेबलावरचा काचेचा पेला उचलला. आत ओल्या कापसावर घेवड्याचे दाणे होते. पाहतात तर काय, दोन दिवसांच्या सुट्टीला जाताना कुण्या शहाण्यानं पेला पाण्यानं काठोकाठ भरून ठेवलेला! दाणे कुजले होते, कोंबाचा पत्ता नव्हता. बाईंनी पेला घाईघाईनं परत टेबलावर ठेवला.

तेवढ्यात पहिला मुलगा खणखणीत आवाजात म्हणाला, "बाई, कोंब खिडकीकडेच का वळला?"

"पानं हिरवीच का?" लगेच दुसरी.

कुठली पानं आणि कुठलं काय! तपासनिसांनी मान उंच करून पेल्यात पाहिलं. दारातून मुख्याध्यापिका खुणावत होती, चालू द्या, चालू द्या.

मग कोपऱ्यातली एक चिमुरडी उठली आणि तिनं पेल्याला नाक लावलं. "ईऽऽ! बाई, पाण्यानं झाडं वाढतात ना? मग हे पाण्यातच कसे मेले?"

"बुडाले असतील!"

"दाणे श्वास घेतात?"

"दुसऱ्या पेल्यात कमी पाणी घालून बघू या!"

बघता बघता सगळी पोरं टेबलाभोवती गोळा झाली. तपासनीसही हसत पुढे आले. बाईंचा जीव भांड्यात पडला.

"फार छान प्रश्न," ते पोरीपाशी वाकले. "कुणी शिकवला?"

"कुणीच नाही. माझा प्रश्न पाठच होत नव्हता. मग बाई म्हणाल्या, तू आज तोंड उघडायचं नाही."

तपासनिसांचं हसू मावळलं. दारातली मुख्याध्यापिका केव्हाच सटकली होती. नोकरी गेली, हे बाईंना स्वच्छ दिसलं. पण पोर त्यांच्याकडेच घाबरून बघत होती, आणि ते पाहून त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बाई, चुकलं का माझं?"

तपासनीस शेजारीच उभे होते. ऐकेनात का!

"नाही गं राणी," बाई म्हणाल्या. "माझं चुकलं."