थोरल्याला पाणी घालताना

मी पीचचा रिकामा डबा बोलतोय. जरा घाईत बोलतोय, कारण फुएन्सान्ता आज माझ्यात माती भरणार आहे. पोत्याचं तोंड सोडून ती आत कॉफी प्यायला गेली आहे. तिची कॉफी संपेपर्यंत माझं तोंड उघडं. माझ्या थोरल्या भावाच्या तोंडात माती गेली, तेव्हापासून तो एक शब्द बोललेला नाही. माझंही तसंच होणार असेल, तर आत्ताच सांगून टाकलेलं बरं.

आम्ही दोघे एकाच कारखान्यातले, एकाच खोक्यातले. कोर्दोबातल्या कोपऱ्यावरच्या दुकानातून फुएन्सान्तानं आम्हांला एकाच पिशवीतून घरी आणलं. त्याला रविवारी उघडलं, मला बुधवारी. म्हणून तो थोरला. तीन दिवसांत त्यानं जग पाहिलं होतं आणि मी अजून पाकात बुडालेला होतो. शाळा आम्हांला कसली? मला वाचता येतं ते फक्त पोटावरचं: ‘अर्धे पीच, साखरेच्या पाकात’. थोरल्याला त्याखालची तारीखही वाचता यायची. माझी तारीख कधीच उलटून गेली होती, पण त्यानं मला ते सांगितलं नाही. भाऊ असा असतो.

फुएन्सान्ताच्या अंगणात चारी भिंतींवर निळ्या कुंड्या आहेत, पार छपरापर्यंत. वरच्या कुंड्यांना हात पोचत नाही. मग लांब वेळूच्या टोकाला तारेनं डबा बांधायचा, विहिरीत बुडवायचा, वर उचलायचा आणि मनगटाला हळूच झटका द्यायचा. थोरला लांब वेळूवर गेला, मी आखूड वेळूवर. त्याच्या वाट्याला छपराजवळच्या ओळी, आभाळ आणि पाकोळ्या. माझ्या वाट्याला खालच्या ओळी आणि मांजर.

सात वर्षं मी रोज भांडलो. “मला कधी वर जायला मिळणार?”

“आधी नीट ओतायला शीक,” तो म्हणायचा. “तू पाणी देत नाहीस, फेकतोस. कुंडीपाशी पोचल्यावर क्षणभर थांबायचं असतं.”

मला थांबणं कधी जमलं नाही. मांजराला विचारा.

या मार्चमध्ये थोरल्याचा तळ गंजून गेला. विहिरीतून भरून निघायचा आणि वर पोचेपर्यंत रिकामा. फुएन्सान्ताचं डोकं मात्र चिंब. तिनं त्याची तार सोडली आणि त्याच तारेनं मला लांब वेळूवर बांधलं. ज्यासाठी सात वर्षं भांडलो ते मिळालं, तेव्हा तो विहिरीच्या कठड्यावर आडवा पडून माझ्याकडे बघत होता. “थांबायला विसरू नकोस,” एवढंच म्हणाला. मी वर बघत होतो.

आसिस्क्लो त्याला कचऱ्यात टाकायला निघाला. हा फुएन्सान्ताचा धाकटा भाऊ. ती सत्तरीची, तो बासष्टचा, आणि अजून तिच्या हातचा मार खातो.

“ठेव तो खाली!” ती ओरडली.

“अगं ताई, भोक पडलंय त्याला.”

“कुंडीला भोक लागतंच. तुझ्या डोक्याला नाही पडलं, म्हणून तर आतलं सगळं कुजलंय.”

तिनं थोरल्यात माती भरली, लाल जिरॅनियमची एक फांदी खोचली आणि त्याला छपराखालच्या शेवटच्या ओळीत टांगलं. चारशे निळ्या कुंड्यांत एक गंजका डबा, पोटावर पीचचं चित्र. दुसऱ्या दिवशी सकाळी वेळू वर गेला आणि मी त्याच्यासमोर पोचलो.

“दादा,” मी म्हटलं.

तो बोलला नाही.

“दादा, बघ, मी वर आलोय.”

त्याच्या तोंडात माती होती. मी पाणी ओतलं आणि खाली आलो. मग रोज सकाळी एकदा. हिरवं पान फुटलं तेव्हा फुएन्सान्ता म्हणाली, “जगला.” मला वाटलं, कोण?

मे महिना आला. मेमध्ये आमच्या गावात अंगणांची स्पर्धा असते. दारं सताड उघडतात, पंच येतात, प्रवासी रांगा लावतात. फुएन्सान्ता पंचवीस वर्षं भाग घेते आहे आणि तिला अजून उत्तेजनार्थसुद्धा मिळालेलं नाही. लोक यायचे, ‘छान’ म्हणायचे, संडास कुठं आहे ते विचारायचे आणि जायचे.

मग पेलायो आला. उत्तरेकडचा, पावसाच्या मुलखातला माणूस. रणरणत्या उन्हात काखेत छत्री. दोन दिवस शहर बघायला आला होता. खिशातल्या यादीत मशीद होती, पूल होता, किल्ला होता. आमचं अंगण नव्हतं. तो सावलीसाठी आत शिरला आणि नेमका त्याच वेळी मी थोरल्याला पाणी घालत होतो. डबा डब्याला पाणी पाजतोय हे बघून पेलायो जागेवरच उभा राहिला.

“बाई, परत एकदा घाला ना. फोटो हुकला.”

फुएन्सान्तानं परत घातलं.

“आणखी एकदा. छत्री मध्ये आली.”

तिनं आणखी एकदा घातलं आणि रांगेतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या! फुएन्सान्ता कानापर्यंत लाल झाली. पंचवीस वर्षांत तिच्या अंगणात टाळी वाजली होती ती फक्त डास मारायला.

तो फोटो कुठं कुठं फिरला कोण जाणे. दुसऱ्या दिवशी रांग गल्लीच्या बाहेर गेली. चारशे कुंड्यांकडे कोणी ढुंकून बघेना. येईल तो विचारायचा, “तो डबा कुठाय? पाणी कधी घालणार?” आणि फुएन्सान्ता घालायची. दिवसाला एकदा लागतं तिथं चाळीसदा.

समोरच्या अंगुस्तियास काकूंनी त्याच दुपारी अकरा डबे पीच आणले आणि नवऱ्याला खायला बसवलं. बघता बघता सगळी गल्ली पीच खाऊ लागली. डबा रिकामा करायचा, गंज चढावा म्हणून मिठाच्या पाण्यात बुडवायचा, तळाला खिळ्यानं भोक पाडायचं. दुकानातले पीच संपले. कर्ते पुरुष पोट धरून दारात बसले.

माझं काय होत होतं ते कोणी विचारलं नाही. जिरॅनियमचे पाय कोरडे हवेत, हे फुएन्सान्ताचंच शिकवणं. चौथ्या दिवशी थोरल्याची पानं पिवळी पडली. पाचव्या दिवशी देठ बुडाशी काळा झाला. मी ओतायचो आणि पाणी काठावरून तसंच सांडायचं. मी माझ्या भावाला बुडवत होतो, लोक फोटो काढत होते आणि मला ‘नको’ म्हणायला हात नव्हता. डब्याला हात नसतो. तुम्हांला असतो.

“ताई, पुरे आता,” आसिस्क्लो म्हणाला. “झाड मरायला टेकलंय.”

“थोडंसंच घालते रे. किती लांबून आलीत माणसं.”

आसिस्क्लो पेलायोकडे वळला. दोन दिवसांसाठी आलेला पेलायो पाचव्या दिवशीही आमच्याच खुर्चीत होता. “काय हो साहेब, तुमच्याकडे रोज पाऊस पडतो. तिथं कोणी पावसाला ‘परत एकदा’ म्हणतं का?”

“आम्ही ‘आता थांब’ म्हणतो,” पेलायो म्हणाला. “तो ऐकत नाही.”

आता थांब. थोरला सात वर्षं दुसरं काय सांगत होता?

पुढच्या खेपेला मी काठोकाठ भरून वर गेलो. खाली सगळे फोन उंचावलेले. थोरल्यासमोर पोचलो आणि थांबलो. आयुष्यात पहिल्यांदा थांबलो. फुएन्सान्तानं मनगट झटकलं, मी ताठ. तिनं पुन्हा झटकलं, जोरात. मला धरून ठेवणारी तार त्याचीच होती, जुनी. मी ती सोडून दिली आणि पाण्यासकट उडी मारली.

पेलायोच्या डोक्यावर आधी पाणी पडलं. डोक्यावर थेंब पडला की त्या मुलखातल्या माणसाचा हात आपोआप छत्री उघडतो. छत्री उघडली, मी तिच्यावर आपटलो, उसळलो, मांजरावरून गेलो आणि दगडी फरशीवर आदळलो. माझा तळ चिरला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

“परत एकदा!” मागून कोणीतरी ओरडलं.

फुएन्सान्ता नवा डबा आणायला धावली. दुकानात पीच नव्हते. अंगुस्तियास काकूंकडे अकरा डबे होते, पण अकराही भोकं पाडलेले. सगळ्या गल्लीत एक धड डबा उरला नव्हता. शेवटी आसिस्क्लोनं शिडी लावली आणि हातात तांब्या घेऊन वर चढला. खालून त्याच्या विजारीचं ठिगळ तेवढं दिसत होतं. एकेक फोन खाली गेला. ‘परत एकदा’ कोणी म्हटलं नाही.

वर पोचल्यावर आसिस्क्लोनं थोरल्याच्या मातीत बोट घातलं.

“ताई! हे झाड नाही, तळं आहे! यात बेडूक सोड!”

“भोक बघ भोक!”

“मुळांनी बुजलंय.”

त्यानं खिशातून खिळा काढला आणि खालून टोचला. थोरल्यातून पाण्याची धार लागली, थेट फुएन्सान्ताच्या डोक्यावर, मार्चमध्ये लागायची तशी. ती बाजूला झाली नाही. चेहरा पुसलाही नाही.

“मीच घातलं रे एवढं,” ती म्हणाली. “मला कळत होतं.”

आसिस्क्लो शिडीवरून उतरला आणि त्यानं तिच्या डोक्यावर स्वतःचा रुमाल टाकला. त्या दिवशी त्यानं मार खाल्ला नाही.

पंच दुपारी आले. त्यांनी पिवळं झाड पाहिलं, ओली फरशी पाहिली, संडास कुठं आहे ते विचारलं आणि गेले. पेलायोही त्याच संध्याकाळी गावी गेला. मशीद त्यानं पाहिलीच नाही. छत्रीची मोडलेली काडी मात्र तो सगळ्यांना दाखवत होता.

त्याला आज नऊ दिवस झाले. थोरल्याचा बुडाचा देठ काळाच आहे, पण त्याच्या वर, पेराशी, नखाएवढं हिरवं पान आलं आहे. सकाळी फुएन्सान्तानं त्याचाच एक शेंडा खुडून आणला. तो ओल्या फडक्यात माझ्याशेजारी ठेवला आहे. माझा तळ चिरला, म्हणून मी आता कुंडी व्हायला लायक झालो. त्याच्या शेजारच्या खिळ्यावर मला टांगणार आहेत.

मला भीती वाटत नाही असं नाही. माती भरलेला डबा बोलत नाही, हे मला बाहेरून ठाऊक आहे. आतून कसं असतं ते ठाऊक नाही. कदाचित दादा रोज बोलत असेल, आणि मातीचं बोलणं मातीलाच ऐकू येत असेल. नाहीतर तिथं कोणीच नसेल. तरी मी जाईन. शेजारी तरी टांगला जाईन.

तुम्ही कधी मेमध्ये आमच्या गावात आलात, तर आत या. शेवटच्या ओळीत दोन डबे दिसतील. मान वर करा, बघा आणि पुढं जा. मशीद बघा, ती खरंच मोठी आहे म्हणतात. फक्त आमच्यासाठी पाणी मागू नका. सकाळी एकदा मिळतं, तेवढं पुरतं.

आत कपबशी ठेवल्याचा आवाज आला. ती येतेय.

थोडा सरक, दादा.