भिंतीला दिवस गेले

गल्लीत मुंगी शिरायला जागा नव्हती, आणि सगळ्यांच्या माना एकाच घराच्या बाहेरच्या भिंतीकडे वळलेल्या. वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघराच्या खिडकीखाली ती भिंत चांगली परातीएवढी फुगली होती. फुगवट्याच्या बरोबर खाली एक स्टूल. स्टुलावर त्या घरची थोरली सून, पाठ भिंतीला टेकलेली, डोळे मिटलेले. भिंतीला एक पितळी नरसाळं चिकटवलेलं. नरसाळ्याला लांबच लांब रबरी नळी, आणि नळीचं दुसरं टोक कानात धरून, गल्लीच्या पार पलीकडच्या कडेला उभे कानबाबा.

"ठोके पडताहेत," कानबाबा म्हणाले. "भिंत आई होणार आहे. आणि जिची पाठ भिंतीला, तिचीही कूस भरणार आहे. गर्भ ऐकतो. गर्भ जाणतो. गर्भाला फक्त शंका पचत नाही."

नळी एका कानातून दुसऱ्या कानात फिरू लागली. टुक. टुक. टुक-टुक. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. शेजारच्या शिंप्याने चपला काढून हातात घेतल्या.

"काय होईल हो, मुलगा की मुलगी?" मागून कोणीतरी विचारलं.

"वीट होईल," दुसरा पुटपुटला. "नाहीतर कौल." पण कोणी हसलं नाही, म्हणून त्यानेही हात जोडून टाकले.

वर, त्याच भिंतीच्या आतल्या बाजूला, घरची धाकटी सून पायांवर बाळाला घेऊन न्हाऊ घालत होती. खालचा शब्द न् शब्द तिला ऐकू येत होता. बाळ पाय झाडत होतं, साबण निसटत होता, नळ सोडलेला होता, आणि तिच्या डोक्यात भिंतीचं चक्र फिरत होतं.

सगळं सुरू झालं ते एका साध्या शब्दावरून. बाळंतपणाहून परत आली तेव्हाच धाकटीच्या नजरेला भिंत खटकली होती. खिडकीखाली पिवळसर ओघळ. त्याच्या खाली रंगाचे पोपडे, नखाने उचलावेत असे. मग पांढरा खार फुटला. मग केसाएवढी चीर आली आणि तिच्या कडेने हिरवट शेवाळ चढलं. बाळाच्या अंगावर पुरळ आली तर आपण कपडे काढून बघतो, तसं तिला वाटलं, हिला कोणीतरी बघायला हवं. नवरा म्हणाला, रंगवून घेऊ. रंगारी आला, भिंतीवर बोटाने टकटक केलं आणि शिडीवरूनच म्हणाला, "अहो, रंग काय देता? भिंतीला पोट आलंय."

त्यांच्या धंद्यात फुगलेल्या भिंतीला असंच म्हणतात. पण खालून जाणाऱ्या एका आजीबाईंनी ते ऐकलं. संध्याकाळपर्यंत भिंतीला दिवस गेले होते, आणि आठवडा उलटायच्या आत कानबाबा नरसाळं घेऊन दारात हजर होते. त्यांनी घरभर हिंडून प्रत्येक भिंतीला कान लावला, न्हाणीघरात जरा जास्तच वेळ, आणि तीन आज्ञा दिल्या. थोरलीने रोज सकाळी भिंतीला पाठ लावून बसायचं. भिंतीला हातोडी लावायची नाही, लावली तर गर्भपाताचं पाप. आणि घरातल्या बाळाला रोज त्याच वेळी न्हाऊ घालायचं.

"वेळ चुकवू नका हो," ते सासूबाईंना बजावून गेले. "एका गर्भाचं दुसऱ्या बाळाशी नातं असतं."

दारापाशी दानाची पेटी बसली आणि रंगारी परत गेला.

मग एके दिवशी बाळाला सर्दी झाली. धाकटीने आंघोळ न घालता कोमट फडक्याने अंग पुसून घेतलं. खाली नळी फिरली. ठोके नव्हते. कानबाबांनी डोळे वटारले. "या घरात कोणाच्या तरी मनात शंका आहे."

थोरली रडत वर आली. मागोमाग सासूबाई, धापा टाकत. "आज बाळाला न्हाऊ का नाही घातलंस गं? महाराजांनी सांगितलं होतं ना?"

"नाक वाहतंय आई त्याचं. भिंतीच्या पोरासाठी माझ्या पोराला..." धाकटी बोलता बोलता थांबली. तिने न्हाणीघराच्या नळाकडे बघितलं. मग खिडकीकडे. मग खाली.

त्या दुपारी गल्ली रिकामी असताना तिने नळ सोडला, बाळाला कडेवर घेतलं आणि जिन्यावरून धावली. खाली पोचेपर्यंत बाळाने तिचे केस ओढले, एक झबलं भिजवलं. भिंतीला कान लावला तर टुक-टुक चाललेलं. पुन्हा वर, नळ बंद, पुन्हा खाली. ठोके मंदावले आणि थांबले. पण एकटीने वरखाली करून कोणाला काय पटवणार? आणि भिंतीला लावलेला हात तिने झटकन मागे घेतला. तळव्याखाली गिलावा हलला होता.

ती थोरलीपाशी गेली. थोरली बाळाची दुपटी घडी करत होती. या घरात ती दुपटी कायम तीच घडी करायची.

"ताई, उद्या त्या स्टुलावर बसू नका."

"तुला काय गं," थोरली मान वर न करता म्हणाली. "तुझी मांडी भरलेली आहे."

धाकटीला ते लागलं. तिने बाळाला थोरलीच्या मांडीवर ठेवलं, तेव्हा त्याने लगेच काकूचं बोट तोंडात घातलं.

"उद्या न्हाणीघरात तुम्ही बसा. याला तुम्हीच न्हाऊ घाला. मी खालून हाक मारली की नळ बंद करा, पुन्हा मारली की सोडा. ठोक्यांनी तुमच्या नळाचं ऐकलं नाही, तर परवापासून त्या स्टुलावर याला घेऊन मी बसेन. शब्द देते."

थोरलीने बाळाच्या तोंडातून बोट हळूच सोडवून घेतलं. "आणि ऐकलं तर?"

"तर तुम्ही जिवंत राहाल, ताई. भिंतीचा गिलावा सुटलाय, कधीही पडेल."

दुसऱ्या दिवशी स्टूल रिकामं बघून कानबाबांच्या कपाळावर आठी पडली. धाकटीने नळी मागून घेतली आणि शिंप्याच्या कानात घातली. "काका, मोठ्याने सांगा, काय ऐकू येतंय?"

"ठोके. जोरात पडताहेत."

"ताई, बंद."

गल्ली कान टवकारून उभी. "मंदावले," शिंपी म्हणाला. "थांबले हो."

"ताई, सोडा."

"आले," शिंपी म्हणाला आणि त्याने चपला पायांत घातल्या.

कानबाबा हसले. "पोरी, गर्भाला तहान लागते."

"लागत असेल. मग महाराज, पुढे या ना. पोटावरून हात फिरवा. सगळ्यांना भिंतीला चिकटवलंत आणि तुम्ही एवढी लांब नळी घेऊन पलीकडे का उभे असता?"

कानबाबा पुढे आले नाहीत. पहिल्यांदाच गर्दीने त्यांच्या पायांकडे नीट बघितलं. कुठे उभे आहेत ते बघण्यासाठी.

"सगळे मागे सरका," धाकटी म्हणाली. तिने जाळी काढायची लांब काठी घेतली, स्वतः दूर उभी राहिली आणि फुगवट्याच्या चिरेत टोक घालून ओढलं. आधी थोडी माती आली. मग दाराएवढा गिलाव्याचा थर एकदम सुटला आणि स्टुलावर कोसळला. स्टुलाचे पाय मोडून चार दिशांना गेले.

धुरळा बसला तेव्हा आत ओल्या विटा दिसल्या, आणि विटांमधून जाणारा सांडपाण्याचा पाइप. त्याचा सांधा फुटलेला. त्यातून साबणाचं पाणी सुटलेल्या गिलाव्याच्या पोकळीत टुक-टुक ठिबकत होतं. बाळाच्या आंघोळीचं पाणी.

"गर्भपात," कानबाबा ओरडले, पण नळी गुंडाळता गुंडाळता.

सासूबाई इतका वेळ मोडक्या स्टुलाकडे बघत होत्या. "अहो महाराज," त्या शांतपणे म्हणाल्या, "या स्टुलावर माझी सून बसायची. ती पेटी इथेच ठेवा आणि निघा. त्यातून पाइप बदलू."

धाकटी मागे वळून बघते तर थोरली ओल्या हातांनी, ओल्या बाळाला पंच्यात गुंडाळून दारात उभी. तिला रडू फुटेल असं धाकटीला वाटलं होतं. थोरली म्हणाली, "रंगाऱ्याला बोलाव. गवंड्यालाही. आणि ती डॉक्टरीणबाई, जिचं नाव तू मागे सांगत होतीस... तिच्याकडे चलशील माझ्याबरोबर?"

"चला की. याला घेऊनच जाऊ."

भिंत आता सरळ आहे. थोरलीच्या डॉक्टरकडे खेपा चालू आहेत. काय होईल ते कोणी सांगू शकत नाही, आणि डॉक्टरीणबाईही तसंच म्हणतात. त्या ठाऊक नसलेलं ठाऊक आहे म्हणत नाहीत, हीच थोरलीला त्यांची आवडलेली गोष्ट.

तुमच्याही भिंतीला ओघळ आला, पोपडा सुटला, चीर पडली, तर ती तुम्हाला काहीतरी सांगते आहे. तिला हात जोडू नका, तिला तपासा. आणि कोणी चमत्कार दाखवायला आला, तर आधी एवढंच बघा, तो स्वतः कुठे उभा आहे.