उजवा ढीग

"काका, हे ढीग असे कसे लावलेत? हाडं आकाराप्रमाणे लावायची, किती वेळा सांगू?" हदास करवादली.

"चाळीस वर्षं जेरुसलेमच्या बाजारात खाटीक होतो, पोरी," मखलूफ ओलं हाड पुसत म्हणाला. "मांडी हातात आली की डावी-उजवी आपोआप होते. पण आज काहीतरी गडबड आहे. बघ."

डावीकडे टेबल रिकामं होतं. उजवीकडे बोकडा-मेंढरांच्या मांड्यांची एकतीस हाडं.

हदास या उत्खननाची प्रमुख, मखलूफ तिथं हाडं धुवायला आलेला स्वयंसेवक. शहराखालच्या उतारावर तिला दगडी चौथरा लागला होता. हे सत्तावीसशे वर्षांपूर्वीचं मंदिर आणि ही त्याची वेदी, असं ती जीव तोडून सांगत होती. पुरातत्त्व खात्याचे वरचे साहेब म्हणत होते, कसली वेदी, चूल आहे, आणि शेजारचा खड्डा म्हणजे उष्ट्या हाडांचा उकिरडा. उद्या सकाळी सगळं बुजवून वरून रस्ता जाणार होता.

"घरचे लोक जनावराच्या दोन्ही मांड्या खातात," मखलूफचा आवाज चढला. "इथं एकच बाजू कुणी खाल्ली? आपल्या धर्मशास्त्रात बळीच्या जनावराची उजवी मांडी कुणाची?"

"याजकाची!" हदास किंचाळलीच.

"म्हणजे आमची! आम्ही कोहेन, याजकांच्या वंशातले. माझ्या बापजाद्यांची पंगत उठलीय इथं, आणि तो शहाणा उकिरडा म्हणतो!" म्हातारा नाचायचाच काय तो बाकी होता.

हदासने तिथूनच साहेबांना फोन लावला. "उजवीच कशावरून? फोटोत दिसू दे," साहेब म्हणाले.

"काका, खुब्याचा गोळा इकडे करून दोन्ही हातांत धरा."

मखलूफने डावा हात झटकन खिशात घातला. त्या हाताची दोन बोटं सुऱ्याने नेली होती. तेव्हापासून सिनेगॉगमध्ये कोहेन हात उंचावून आशीर्वाद द्यायला उभे राहिले की तो हळूच बाहेर अंगणात जाई. लोकांचे डोळे बोटांवर जातील, ही लाज. नऊ वर्षं झाली.

"दुसऱ्या कुणाला धरायला सांग ना."

"दुसऱ्या कुणाला कळतंय का इथं? मंदिर जाईल, काका!"

मखलूफने हात बाहेर काढला, हाड धरलं. फोटो गेला. दहा मिनिटं उत्खननावरचे सगळे फोनभोवती गोळा झाले.

फोन वाजला. "यंत्रं थांबवलीत. मी निघालोय. फोटोतल्या त्या माणसाला जाऊ देऊ नका."

एकच कल्ला उठला. हदासने मखलूफला मिठीच मारली. त्याचे डोळे घळाघळा वाहत होते. पुसायला त्याने हात वर केले, दोन्ही, सगळ्यांसमोर.