वेष्टनातली अकरा वर्षे

मित्रांनो, मी एका जुन्या जपानी व्हिडिओ गेमची तबकडी आहे आणि मी रागावलेली आहे. तरीही सगळे क्रमाने सांगते. रागातसुद्धा क्रम सोडू नये, असे माझे मत आहे.

माझा जन्म ओसाकाजवळच्या एका कारखान्यात झाला. माझ्यात एक लहानसे विमान आहे आणि त्याच्यावर चहूबाजूंनी सुटणाऱ्या हजारो गोळ्या आहेत. गुलाबी, निळ्या, फुलासारख्या उमलत येणाऱ्या. पडदा इतका भरून जातो की यातून कोणी वाचणे शक्य नाही, असे पाहणाऱ्याला वाटते. पण विमानाच्या मध्यभागी तांदळाच्या दाण्याएवढा एक ठिपका असतो. गोळी त्याला लागली तरच विमान पडते. ही गोष्ट एकदा उमगली की माणसाला माझे वेड लागते, आणि त्यासाठी जपानी वाचता यावे लागत नाही. म्हणूनच जपानबाहेर मी कधी विकली गेले नाही, तरी दूरदूरचे लोक मला मुद्दाम मागवून घेत.

फिनलंडमधल्या ताम्पेरे शहरात मला मागवले ते इल्पो आणि त्याची थोरली बहीण राइया या दोघांनी मिळून. राइया घड्याळे दुरुस्त करी आणि असले खेळ सफाईने खेळे. तिकडची यंत्रे मला स्वीकारत नाहीत, म्हणून तिने जपानी यंत्र मिळवले. ते शंभर व्होल्टवर चालते आणि तिथल्या भिंतीत दोनशे तीस असतात; तेव्हा तिने ट्रान्सफॉर्मरही आणला. माझा खेळ उभ्या पडद्यावरचा, आणि इल्पोचा टीव्ही आडवा पाडून उभा पडदा करता येत होता, म्हणून मी त्याच्याकडे राहायचे ठरले.

मी पोहोचले त्या शनिवारी राइया दालचिनीचे पाव घेऊन आली. इल्पोने मला उजेडात धरले आणि म्हणाला, "जरा थांब. वेष्टन शाबूत आहे."

"मग फाड की."

"नको. फार थोड्या प्रती निघाल्यात हिच्या. राहू दे अशीच."

ते 'जरा' अकरा वर्षे चालले.

त्याने मला पारदर्शक पेटीत घालून फळीवर ठेवले. तिथे माझ्यासारख्या चारशे जणी ओळीने उभ्या होत्या. पाहुणे येत, कॉफीचा कप लांब धरून माझ्याकडे वाकून पाहत आणि वाहवा करीत. ते वाखाणत होते प्लास्टिकच्या एका पातळ कागदाला. मी फिरण्यासाठी घडवलेली वस्तू आहे, मित्रांनो. त्या प्रत्येक वाहवेने माझ्या अंगाचा तिळपापड होई.

अकराव्या हिवाळ्यात राइयाचा उजवा अंगठा बधिर होऊ लागला. नस सुकत चालली आहे, बारीक कामाचे काही महिनेच उरले आहेत, असे डॉक्टरांनी सांगितले. तिने घड्याळे सोडली. इल्पोकडे तिने एकच मागणे केले: एकदा तरी तिला माझा खेळ सुरुवातीपासून शेवटापर्यंत खेळायचा होता. इल्पोने तिला फोनवर कोणा जपानी मुलाने हाच खेळ खेळल्याचा व्हिडिओ दाखवला. यात सगळे दिसते, मग कशाला फोडायची, असे तो समजावू लागला.

राइयाने कप खाली ठेवला. "सौनाबद्दल वाचून घाम येतो का रे तुला?"

पुढच्या शनिवारी इल्पो सौनात, म्हणजे घाम काढायच्या तापलेल्या लाकडी खोलीत, गेला. तो तिथे चाळीस मिनिटे बसतो, हे तिला ठाऊक होते. तिने पेटी उघडली आणि घड्याळाच्या सुरीने माझे वेष्टन चिरले. टीव्ही आडवा पाडून त्याला पुस्तकांचा टेकू दिला. मी जन्मात पहिल्यांदा फिरले.

इल्पो पंचा गुंडाळून बाहेर आला आणि जमिनीवरचे प्लास्टिक पाहून त्याचा लालबुंद चेहरा पांढरा पडला. "काय केलंस हे, कळतंय का तुला?"

"ओरडू नकोस. चौथा टप्पा आहे."

राइया विमान केसाएवढे सरकवत होती. मी एकही गोळी कमी केली नाही. तशी भीक तिने मागितली नव्हती. पाचवा, शेवटचा टप्पा आला. पडद्यावरच्या पट्टीत शेवटच्या शत्रूची बोटभर ताकद उरली होती, तेवढ्यात तिचा अंगठा थांबला. तिने डाव्या हाताने तो दाबून पाहिला. विमान पडले.

मग तिने हातातला बटणांचा नियंत्रक इल्पोपुढे धरला. "घे. चारशे आहेत ना तुझ्याकडे."

तो नऊ सेकंदांत पडला. पुन्हा बसला, पुन्हा पडला. त्या चारशेंपैकी एकही त्याला खेळता येत नव्हती.

आता दर शनिवारी राइया त्याच्या शेजारी बसते. "कमी हल. घाबरलास की जास्त हलतोस तू," असे सांगत राहते. तो दुसऱ्या टप्प्यापर्यंत पोहोचला आहे. पण माझा राग शमलेला नाही. अकरा वर्षे तिचा अंगठा धडधाकट होता आणि मी चार हातांवर होते.

मित्रांनो, जपणे म्हणजे कोंडून ठेवणे असे कोणी सांगितले तर ऐकू नका. वस्तू वापरा, वापरल्यावर पुसा, नीट ठेवा आणि पुन्हा काढा. जिच्या हातासाठी ती आणली, तो हात चालतो आहे तोवर ती त्या हातात द्या. अकरा वर्षांत माझ्या अंगावर एकही ओरखडा उमटला नाही, आणि मला त्याचीच लाज वाटते.