राणीमाशीचा धडा

गुरुजींनी पट्टी टेबलावर आपटली आणि तिसऱ्यांदा विचारलं, "सिंहाकडून काय शिकावं?"

"शिकार सिंह करतो की सिंहीण?" खिडकीबाहेर बघत बाईसाहेबांनी उलट विचारलं.

गुरुजींनी कपाळावर हात मारला. अठरा वर्षांच्या या मुलीला वडिलांमागून गादी मिळाली होती आणि तिच्या प्रश्नांनी गुरुजींच्या नाकी नऊ आणले होते. बारा वाजता दरबारात तिने प्राण्यांचे सात धडे म्हणून दाखवायचे आणि मग एका कागदावर सही करायची, असं तिच्या काकांनी ठरवलं होतं. सही झाली की राज्याचा शिक्का पाच वर्षं काकांकडे. सहा धडे गुरुजींनी स्वतः लिहिले होते. सातवा, राणीमाशीचा, काकांनी सांगून लिहून घेतला होता. पोरीने ऐनवेळी तोंडघशी पाडलं तर गुरुजींची नोकरी गेलीच म्हणून समजा.

"सिंह राहू दे. राणीमाशी घ्या. म्हणा, राणीमाशी जागेवरून हलत नाही. बाकीच्या तिच्यासाठी राबतात. राज्यकर्त्याने असंच निवांत असावं."

"आणि हुकूम कोण सोडतं?"

"तीच! राणी आहे ना ती!"

खिडकीखाली माळी मधमाश्यांच्या पेट्या पुसत होता. त्याला हसू आवरलं नाही.

"ती कसले हुकूम सोडतेय, गुरुजी! जन्मभर अंधारात अंडी घालते. थकली की माश्या दुसरी तयार करतात. नावापुरती राणी."

"तुला कोणी विचारलं?" गुरुजी कडाडले.

"मी विचारते." बाईसाहेब खिडकीतून अर्ध्या बाहेर झुकल्या. "मग नवं घर कुठे करायचं, हे कोण ठरवतं?"

"बाहेर हिंडून आलेल्या माश्या. त्या जागा बघून येतात, बाकीच्यांना सांगतात. पटलं की सगळं मोहोळ उठतं, राणीला घेऊन."

बाईसाहेब खिडकीतून आत वळल्या आणि वहीपुढे येऊन बसल्या. सुटलो एकदाचे, असं गुरुजींना वाटलं. त्यांनी सातवा धडा अकरा वेळा म्हणून घेतला आणि काय आश्चर्य, पोरीने एक शब्द चुकवला नाही.

दरबारातही तिने सातही धडे घडाघडा म्हटले. गुरुजींनी घाम पुसला. काकांनी खूश होऊन कागद पुढे सरकवला आणि त्यावर स्वतःचं पेन ठेवलं.

"कर बाळ, सही कर. आणि राहा निवांत."

तिने पेन उचललं, त्याला टोपण लावलं आणि काकांच्या हातात परत दिलं.

"आधी मी हिंडून येते, काका. फाटकापलीकडचं एकही गाव मी पाहिलेलं नाही."

"आणि तोवर शिक्का?"

"माझ्या पिशवीत. गुरुजी, चला."

"मी? मी कशाला?"

"तुम्ही सिंह पाहिलाय कधी?"

काका गुरुजींकडे डोळे वटारून बघत होते. या पोरीपुढे काय डोकं फोडायचं, असं पुटपुटत गुरुजी उठले आणि दाराशी ठेवलेली छत्री शोधू लागले.